आसाराम मिस्त्रीचा ओटा

तिसगावात पाथर्डी रस्त्याला लागून आसाराम मिस्त्रीचं वर्कशॉप होतं. मिस्त्रींना मूलबाळ नव्हतं. ते वारले तेव्हा वर्कशॉप पुतण्याकडे, म्हणजे आबासाहेबांकडे आलं, कारण बाकीच्या पुतण्यांना ते नको होतं. आबासाहेब वीज मंडळातून वायरमन म्हणून निवृत्त झालेले. शर्टाच्या खिशात कायम टेस्टर. जगाविषयी त्यांचं मत सोपं होतं: टेस्टरचा दिवा लागला तर काहीतरी आहे, नाही लागला तर नाही. देव, भूत आणि मेहुणा या तिन्हींना त्यांनी हा नियम लावून पाहिला होता, आणि शंका उरली होती ती फक्त मेहुण्याबद्दल.

वर्कशॉप म्हणजे पत्र्याखालचा एक लांबलचक हॉल. पुढे शटर, मधोमध दगडी ओटा, ओट्यावर जाड लोखंडी पत्रा, आणि मागे भंगाराचा कोपरा. विहिरीवरची इंजिनं, पंप, कडबाकुट्ट्या, शिलाई मशीन, सगळं तिथं यायचं. आसाराम नाना वाईट माणूस नव्हते असं सांगणारा गावात कुणी सापडला नसता, पण त्यांच्या हाताखालून गेलेलं मशीन बंद पडल्याचंही कुणी ऐकलं नव्हतं. त्यामुळे लोक शिव्या खायची तयारी ठेवून येत.

नानांची पद्धत ठरलेली. गिऱ्हाइकानं मशीन स्वतः उचलून ओट्यावर ठेवायचं. मग नाना विचारत, "काय दुखतंय?" ते गिऱ्हाइकानं स्वतःच्या तोंडानं सांगायचं. सांगून झालं की नाना शटर अर्धं खाली ओढत; पोटातलं काम कुणी बघितलेलं त्यांना खपत नसे. काम झालं की दुरुस्त केलेल्या जागी ग्रीसचा अंगठा उमटलेला असे. तीच त्यांची सही.

पार्ट यायचे मागच्या कोपऱ्यातून. ज्या मशीनचा मालक फिरकला नाही, ते मशीन त्या कोपऱ्यात. त्यातलं काही काढलं की नाना त्यावर खडूनं फुली मारत, म्हणजे ह्यातून काढलंय हे लक्षात राहावं. एकदा कुणी फक्त वायसर बदलायला आणलेला नवा कोरा पंप गर्दीत चुकून कोपऱ्याला टेकवला. संध्याकाळी तो फुलीसकट, आतून रिकामा मिळाला. मालकानं तमाशा केला. नाना हात पुसत एवढंच म्हणाले, "कोपऱ्यात आलं ते कोपऱ्याचं."

तेव्हा आबासाहेब शाळकरी होते आणि त्यांना ते फार विनोदी वाटलं होतं.

वर्कशॉपचंच घर करायचं ठरलं ते घरच्या माणसांच्या जिवावर. वायरिंग आबासाहेबांचं. गिलावा आणि फरशी मेहुण्याची. मेहुणा कल्याण गवंडी; त्याची थापी चांगली होती आणि तोंड तिच्याहून जास्त चालायचं. पाणी मारणं, विटा देणं, शिवाय "भिंत वाकडी हाय" हे दर अर्ध्या तासानं सांगणं, हे बायकोकडं, बायडाबाईंकडं. धाकटी मुलगी दिपाली पोलीस भरतीची तयारी करत होती. ती पहाटे पळून यायची आणि मग वाळू चाळायची. वयाची अट संपत आली होती. ही भरती हुकली की सगळंच हुकलं, हे घरात कुणी बोलत नसे आणि कुणी विसरतही नसे.

सगळं निघालं, ओटा निघेना. कल्याणनं घण घातला, छिन्नी लावली, शेवटी भाड्यानं ब्रेकर आणला. ब्रेकरची दोन टोकं मोडली.

"दाजी, ह्यो ओटा न्हाई. म्हातारा सवता बसलाय हितं."

"बसू दे. आपण वर बसू," आबासाहेब म्हणाले.

बायडाबाईंनी निकाल दिला. "ऱ्हाऊ द्या वो. गादी टाकली की फुकटचा दिवाण झाला."

मागच्या कोपऱ्याला भिंती घालून पोरींची खोली केली. तिथली जमीन पिढीभर तेल प्यालेली. वर फरशी बसली तरी भर उन्हात ती गार लागायची. कल्याण दुपारचं जेवण झालं की तिथंच आडवा व्हायचा.

दिवाण सगळ्यांना फार मानवला. आता गादीला टेकल्यावर आपल्याकडचं माणूस पहिल्यांदा कशाबद्दल बोलतं? पाऊसपाणी नंतर, राजकारण त्याच्या नंतर. आधी गुडघे, कंबर, खांदा. बायडाबाई चहाचा कप घेऊन टेकल्या आणि म्हणाल्या, "खांदा लई दुखतोय बया. हात वर जात न्हाई, येनीसुदिक घालता येईना."

दुसऱ्या दिवशी दुपारी शटर अर्धं खाली आलेलं दिसलं. स्प्रिंग ढिली झाली असणार. आबासाहेबांनी ते वर ढकललं.

संध्याकाळी बायडाबाईंनी माळ्यावरचा डबा एका हातानं खाली काढला आणि डबा हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. खांद्यावर, पोलक्याच्या बाहीला, काळा डाग होता. अंगठ्याएवढा.

"ह्या घरात कुठंबी हात लावा, ग्रीस," त्या म्हणाल्या, आणि डाग साबणानं घासायला गेल्या.

त्याच दिवशी कल्याणचा उजवा खांदा धरला. थापी वर जाईना. त्याच्या शर्टावर, पाठीमागं, खडूची बारीक फुली होती. गवंड्याच्या शर्टाला खडू लागणारच, म्हणून त्यावर कुणी काही बोललं नाही.

पण आबासाहेबांच्या एक गोष्ट लक्षात आली. बायडाबाई भाकरी वेगळ्याच थापायला लागल्या होत्या. पीठ मनगटाच्या झटक्यानं परातीत फेकायचं, मग हात आडवा ओढून सपाट करायचं, आणि कडेला जास्तीचं राहिलं ते बोटाच्या कडेनं निपटून काढायचं. भाकरी एकसारखी पातळ येत होती. जणू भिंतीला गिलावा चढत होता.

शेजारच्या मालनबाई रोज ओट्यावर येऊन बसत. त्यांना ऐकू कमी यायचं आणि हेच त्या मोठ्यानं सांगत. एका बाजारच्या दिवसानंतर त्यांना सगळं ऐकू यायला लागलं, तीन घरांपलीकडचंसुद्धा. आळीतल्या दोन सुनांनी बोलणंच सोडलं. मालनबाईंच्या कानामागं काळा डाग होता. आणि कल्याण फोनवर ओरडून बोलायला लागला होता, "काय? मोठ्यानं बोल की!"

मग एका सकाळी त्यानं थापी पाटीत टाकली.

"दाजी, तुमचं घर मला खातंय."

"घर कुणाला खात नाही, कल्याण. सिमेंट तेवढं खातं."

"काय?"

"काही नाही. जा तू."

कल्याण गेला. जाताना बहिणीशी बोलला नाही. बायडाबाई महिनाभर नवऱ्याशी नीट बोलल्या नाहीत. उरलेला गिलावा मात्र त्यांनी स्वतः केला, आणि तो कल्याणपेक्षा सरळ आला.

खोली रिकामी झाली म्हणून दिपालीनं तिथं गादी टाकली. गारव्याला अभ्यास बरा होतो म्हणे. आठवड्यानं थोरली निकिता पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. आठवा महिना होता. तिला आईजवळ, स्वयंपाकघरालगत, कॉटवर जागा दिली. पोटातलं पोर भलतं दांडगं होतं. निकिता ताट मांडीवर घेऊन जेवायला बसली की ताट हलायचं.

"मावशीच्या अंगावर गेलंय. आतापासून भरतीची तयारी करतंय," दिपाली म्हणायची, आणि पोटाला हात लावून त्याचा दम मोजायची.

आबासाहेबांचे गुडघे पंचवीस वर्षं खांबांवर चढून झिजलेले. ते कुणाला सांगायची त्यांना सवय नव्हती. पण एका संध्याकाळी मालनबाई आपल्या पायाचं सांगत होत्या तेव्हा त्यांच्याही तोंडून निघालं, "माझाही उजवा गुडघा कामातून गेलाय बघा."

मालनबाई एकदम थांबल्या. मान वाकडी करून त्यांनी कानोसा घेतला.

"कुनी इचारलं?" त्या म्हणाल्या.

"काय विचारलं?"

"काय दुखतंय म्हनून. आत्ता इचारलं की कुनीतरी."

दुसऱ्या दिवशी शटर अर्धं खाली होतं. आणि संध्याकाळी आबासाहेब शिडी लावून पत्र्यावर चढले. कामही काही नव्हतं, नुसते चढले. वर उभं राहून त्यांनी करंजी घाटाकडं मावळणारं ऊन पाहिलं. उतरताना शेवटच्या दोन पायऱ्या सोडून उडी मारली. विजारीवर गुडघ्यापाशी ग्रीसचा अंगठा होता. त्यांना वाटलं, शिडीचा असेल.

रात्रीच्या जेवणाला सगळे मांडी घालून बसले तेव्हा कट्ट असा आवाज झाला.

तो आवाज घरात सगळ्यांच्या ओळखीचा होता. शाळेत कबड्डीत पडल्यापासून दिपालीचा उजवा गुडघा वाकताना तसा वाजायचा. दुखत नसे, नुसता वाजे. बायडाबाईंनी सवयीनं दिपालीकडं पाहिलं.

दिपाली अजून उभीच होती. भिंतीला धरून.

"बसता येईना," ती म्हणाली. "सकाळपास्नं कसंतरीच झालंय."

आवाज आबासाहेबांच्या गुडघ्यातून आला होता.

पाथर्डीच्या डॉक्टरांनी फोटो काढला. फोटोत हाड चांगलं होतं. "वय काय म्हणालात पेशंटचं?" त्यांनी दोनदा विचारलं, कारण सांध्याची झीज साठीच्या माणसाची होती. मैदानी चाचणी पुढच्या आठवड्यात. घरी आल्यावर दिपालीनं पळायचे बूट पिशवीत घालून पिशवीला गाठ मारली. तिच्या ट्रॅकपँटच्या गुडघ्यावर पांढरी फुली होती. मैदानावरच्या फक्कीची, ती म्हणाली. मैदानावर ती चार दिवसांत गेली नव्हती.

आता आबासाहेबांना कळलं होतं. तरी त्यांनी दोन दिवस काही केलं नाही. चांगला गुडघा ही फार वाईट गोष्ट आहे. सकाळी उठताना कशाला तरी धरावं लागत नाही, आणि तेवढ्या सुखासाठी माणूस स्वतःला बरंच काही पटवून देतो. दोन दिवस ते उगीच बाजारात चालत गेले आणि चालत आले.

तिसऱ्या दिवशी दिपाली मोरीत घसरली आणि तिला उठवायला दोघं लागले. पोरगी रडली नाही. नुसती बापाच्या पायांकडं बघत राहिली.

"आबा, तुम्ही माझ्यासारखं चालताय," ती म्हणाली.

त्या दिवशी त्यांनी दिवाणावरची गादी उचलली. घरात लाइट नव्हती. मेन स्विच त्यांनी स्वतः पाडला होता. खिशातला टेस्टर काढून ओट्याच्या पत्र्याला टेकवला.

दिवा लागला.

त्यांनी टेस्टर उचलला, पुसला, पुन्हा टेकवला. पुन्हा लागला. मग त्यांनी तो खिशात ठेवला नाही. खिडकीतून बाहेर टाकला.

दुपारी ऊन पत्र्यावर उभं राहिलं की सगळं घर झोपतं. बायडाबाई आणि निकिता स्वयंपाकघराच्या बाजूला आडव्या झाल्या. आबासाहेबांनी दिपालीला उघड्या ओट्यावर झोपवलं. उशी दिली, पाय सरळ केला.

"हे काय चाललंय?"

"माझं ऐक. आणि बोलू नको. सांगायचं ते मी सांगतो."

हॉलमध्ये तेलाचा वास आला. जुना, जळका, नानांच्या सदऱ्याला यायचा तसा. कुणी काही विचारलं नाही. पण कुणीतरी विचारून थांबलंय, असं वाटावं एवढी शांतता झाली. बाहेर रस्त्यावरून ट्रक जात होते, त्यांचाही आवाज आत येईना.

आबासाहेब घसा साफ करून म्हणाले, "नाना, पोरीचा उजवा गुडघा गेलाय. तिचा चांगला गुडघा माझ्यात आहे. तो काढा आणि तिचा तिला लावा. मी कोपऱ्यात जाऊन पडतो."

इथं थांबले असते तर बरं झालं असतं.

पण ते खोलीकडं वळले आणि त्यांचा पाय अडखळला. तो गुडघा त्यांनी आठवडाभर वापरला होता. पत्र्यावर चढले होते, उड्या मारल्या होत्या, बाजारात नाचवला होता. म्हाताऱ्याच्या वजनाखाली घासलेला सांधा पोरीला द्यायचा? तिला तर त्यावर आयुष्यभर पळायचं होतं. बापाचं काळीज. दुकानाच्या उंबऱ्यावर आजवर प्रत्येक गिऱ्हाइकानं जे म्हटलं होतं, तेच त्यांच्या तोंडून गेलं.

"आणि हा घासलेला वाटला तर जुनं-पानं लावू नका नाना. नवं टाका."

शटर अर्धं खाली आलं. हळू. ओढणारा हात दिसावा, एवढं हळू.

आबासाहेब मागच्या खोलीत जाऊन गार फरशीवर उताणे झाले. उजवा पाय थोडा पुढं केला. डोळे मिटले. कुठंतरी पाना ठेवल्याचा आवाज झाला, आणि मग त्यांना झोप लागली.

जाग आली तेव्हा चार वाजले असतील. शेजारी निकिता झोपली होती. हाताची उशी करून, कुशीवर. स्वयंपाकघराच्या बाजूला फार उकडलं असणार, म्हणून पोरगी गारव्याला आली असणार. तिची झोप मोडू नये म्हणून आबासाहेब पाऊल न वाजवता बाहेर आले.

दिपाली हॉलमध्ये उभी होती. भिंतीला न धरता.

तिच्या गुडघ्यावर ग्रीसचा अंगठा होता.

मैदानी चाचणीला बापलेक पहाटेच्या गाडीनं निघाले. पाटीवर अहिल्यानगर लिहिलेलं होतं आणि कंडक्टर "नगर, नगर" ओरडत होता. पोलीस मैदानावर दिपाली आठशे मीटर पळाली. पहिली काही पावलं तिनं विचित्र टाकली. पाय उंच उचलून, चाचपत, जणू ते पाय जमीन पहिल्यांदाच बघतायत. मग जी सुटली ती सुटलीच. तिच्या पुढं कुणी नव्हतं.

"आबा, कसलं हलकं वाटतंय," ती धापा टाकत म्हणाली. "पण तळवे फार मऊ झालेत. बुटात गुदगुल्या होतात."

आबासाहेबांनी चष्मा पुसला. दोघांनी स्टँडवर पेढे घेतले.

घरी पोचले तेव्हा उन्हं कलली होती. निकिता ओट्याच्या कडेला बसून बाळाची अंगडी घडी करत होती. बायडाबाईंनी दिपालीवरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला आणि तिला देवापुढं नेलं. आबासाहेब पेढ्याचा पुडा ठेवायला खाली वाकले.

कट्ट.

ते तसेच वाकून राहिले. मग दुसऱ्यांदा गुडघा वाकवून पाहिला. कट्ट. तो अजून त्यांच्यातच होता.

"आबा," निकिता म्हणाली. आवाज अगदी साधा होता. "मागच्या खोलीत झोपले त्या दुपारपासून लाथ मारली नाही बाळानं. आज दवाखान्यात जाऊन आलो आई अन् मी. ठोके चांगले आहेत म्हणाले. हात फिरवतंय. डोकं फिरवतंय. बघा, आत्तासुद्धा हात फिरवतंय." तिनं पोटाच्या वरच्या बाजूला तळवा ठेवला. "खाली मात्र काहीच नाही."

आबासाहेब तिच्या पोटाकडं बघत होते.

"आणि गाऊनला हे पांढरं कशाचं लागलंय हो? दोनदा धुतलं. जात नाही." तिनं ते नखानं खरवडलं. "हिरव्या गाऊनलासुद्धा आलंय. त्याच जागी."

फुली लहान होती. सरळ, नीटस, एका हातानं मारलेली.

ओट्यावर बसल्या बसल्या निकितानं कंबरेला हात लावला आणि मागं रेलत ती म्हणाली, "आई गं. कंबर किती दुखतीय."

शटर खाली यायला लागलं.